सुई लागली, एवढेच



ज्यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ हे व्याख्यान दरवर्षी होते, त्या बाईंच्या हाताखाली मी १९७४ ते १९७८ अशी चार वर्षे या शाळेत मराठी शिकविले. पुढे महाविद्यालयात गेलो, पीएच.डी. केली, निवृत्त झालो. परंतु ‘मास्तर’ या शब्दाला मी खऱ्या अर्थाने पात्र झालो असेन तर तो येथेच. त्यामुळे मुख्याध्यापकांचे पत्र आले तेव्हा नकाराचा प्रश्नच नव्हता. त्यांची अपेक्षा बहुधा संतवाङ्मयाची असावी. मी विषय कळविला तो ‘रुग्णालयात काम करणाऱ्यांचे आरोग्य आणि सुरक्षितता’, आणि उत्तर यायला आठ दिवस लागले. मराठीच्या माणसाने या विषयावर काय बोलावे, अशी शंका त्यांना आली असल्यास ती रास्तच आहे. आमच्या पिढीच्या प्राध्यापकास कोणत्याही विषयावर पाऊण तास बोलता येते, हा आमचा व्यवसायजन्य आजार आहे. पण आज मी त्या आजारापायी उभा नाही. दोन कारणे आहेत. एक बाईंशी संबंधित आहे, दुसरे माझ्या घरातले.

बाईंना एक ध्यास होता. दहावीनंतर मुलीने घरी बसू नये. दमणगंगेच्या दोन्ही तीरांवरच्या पाड्यांतून आलेल्या, वारली आणि कोकणा घरांतल्या, तशाच नोकरीनिमित्त आलेल्या मराठी कुटुंबांतल्या मुलींना त्या परिचारिकेच्या प्रशिक्षणासाठी मुंबईकडे पाठवीत. वापी स्टेशनपर्यंत स्वतः जात. अर्ज भरून देत, आणि त्याहून अवघड काम म्हणजे बापांची समजूत घालीत. आज या सभागृहात त्यांपैकी काहीजणी बसलेल्या मला दिसत आहेत. काही निवृत्तही झाल्या आहेत. मी १९७४मध्ये येथे आलो तेव्हा बाईंनी मला पहिला प्रश्न विचारला होता, ‘घरी बहीण आहे का? काय करते?’ मी म्हटले, नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, मुंबईत. त्या दिवसापासून माझे येथील स्थान पक्के झाले.

त्या बहिणीविषयी बोलायचे आहे.

माझी धाकटी बहीण १९७२ साली प्रशिक्षणाला गेली आणि पुढे मुंबईतीलच एका मोठ्या रुग्णालयात लागली. त्याचे नाव घेण्याचे प्रयोजन नाही. त्या काळी दुसरीकडेही याहून वेगळे चित्र नव्हते. काचेच्या सिरिंजा उकळून पुन्हा वापरायच्या, सुया धुवायच्या, चोंदल्या तर बारीक तार घालून मोकळ्या करायच्या, बोथट झाल्या तर दगडावर घासायच्या. एकच सुई दिवसातून कितीदा त्या मुलींच्या बोटांतून जाई याचा हिशेब कोणी ठेवला नसेल. १९८६च्या पावसाळ्यात मी तिच्याकडे उतरलो होतो. रात्रपाळी करून ती सकाळी आली तेव्हा अंगठ्याला चिंधी होती. मी विचारले. ती म्हणाली, ‘काही नाही रे दादा, सुई लागली, एवढेच.’ आणि चहा टाकला.

भाषेचा विद्यार्थी म्हणून या वाक्याकडे मी फार पुढे, तिच्या जाण्यानंतर, नीट पाहिले. ‘सुई लागली’. आपल्या भाषेत ठेच लागते, दृष्ट लागते, उचकी लागते, भूक लागते. ज्याला लागते तो कर्ता नसतो. लागणारी गोष्टच कर्ती असते आणि तिला कोणी जाब विचारू शकत नाही. ‘लागणे’ हे जणू दैवाचे क्रियापद आहे. याच धातूपासून आपण ‘लागण’ हा शब्द केला. रोगाची लागण. म्हणजे जे लागते त्यातूनच लागण होते, हे आपल्या भाषेला ठाऊक होते. मात्र सुई का लागली, कोणी उघडी टाकली होती, टाकायला डबा होता का, पाळी किती तासांची होती, हे प्रश्न त्या वाक्यरचनेत शिरतच नाहीत.

१९९८ साली तिला कावीळ झाली. ‘ब’ प्रकारची, आणि जुनी, असे तपासणीत निघाले. यकृत आकसत गेले. २००१मध्ये, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, ती गेली. मृत्यूच्या कागदावर यकृताचा विकार लिहिला आहे. मी तिच्या नोकरीच्या कागदांत त्या सुईचा शोध घेतला. नोंद नव्हती. नोंदवही नव्हती, तर नोंद कोठून असणार? ती लागण त्या सुईनेच झाली असे मी आज शपथेवर सांगू शकत नाही. दुसरी एखादी सुई असेल, दहावी असेल. मला जे खुपते ते हेच, की सांगता येत नाही.

वैद्यकाने याचे गणित मांडलेले आहे आणि ते मुलांनाही समजेल इतके सोपे आहे. बाधित रुग्णाला टोचलेली सुई निरोगी माणसाच्या हातात घुसली, तर काविळीचा ‘ब’ विषाणू, लस घेतली नसल्यास, शंभरांत तीस जणांपर्यंत लागू शकतो; ‘क’ विषाणू शंभरांत सुमारे तिघांना; एचआयव्ही हजारात सुमारे तिघांना. लोक भितात ते शेवटच्याला. पहिल्याचे भय त्याहून कितीतरी मोठे, आणि त्यावरच खात्रीची लस आहे! सहा महिन्यांत तीन टोचण्या, संपले काम. ही लस १९८०च्या दशकात परदेशात निघाली, पण आपल्याकडे ती महाग होती. १९९७ साली हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने देशी लस बाजारात आणली तेव्हा ती सामान्यांच्या आवाक्यात येऊ लागली. माझ्या बहिणीसाठी अकरा वर्षे उशीर झाला होता. उशीर कोणामुळे झाला हे मी विचारीत नाही. २०२६मध्येही एखाद्या लहान दवाखान्यात केर काढणाऱ्या मावशीला ती लस दिली आहे का, हे मात्र विचारतो. २०१६च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार तो कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकास काविळीची ‘ब’ लस आणि धनुर्वाताची लस देणे, दरवर्षी आरोग्यतपासणी करणे आणि अपघाताची नोंद ठेवणे हे त्या संस्थेचे कर्तव्य आहे. सुया पांढऱ्या, न भेदल्या जाणाऱ्या डब्यात, नळ्या आणि सिरिंजा लाल पिशवीत, रक्ताने माखलेला कापूस पिवळ्या, काच निळ्या. चार रंग आहेत. बालवाडीत आपण याहून अधिक शिकवितो.

आता ‘मावशी’ हा शब्द माझ्या तोंडून सहज गेला. रुग्णालयात आपण सर्वांना नाती लावतो. परिचारिका ती ‘सिस्टर’, सफाई करणारी ‘मावशी’, स्ट्रेचर ढकलणारा ‘मामा’. मला ही रीत आवडते, त्यात आपली संस्कृती आहे. पण नात्याने बांधलेल्या माणसाच्या कामाचे तास मोजत नाहीत, त्याला हातमोजे मिळाले का हे विचारीत नाहीत. मावशीने घरात राबायचेच असते. ‘सेवा’ या शब्दाचेही असेच. एकदा एखाद्या कामाला सेवा म्हटले, की त्यात झालेली इजा हा त्याग होतो, आणि त्यागाची तक्रार करणे अशोभनीय ठरते. मी स्वतः या शब्दाचे गुणगान कित्येक गौरवसमारंभांत केले आहे. शब्द उत्तम आहे. तो पगारपत्रकाच्या आणि हातमोज्यांच्या जागी ठेवला की मात्र वाईट काम करतो.

त्यामानाने आपला जुना शब्द अधिक शहाणा आहे. ‘शुश्रूषा’. संस्कृत ‘श्रु’ धातूचे हे इच्छादर्शक रूप. मूळ अर्थ, ऐकण्याची इच्छा. रुग्णाचे ऐकून घेणे ही त्याची पहिली सेवा, असे ज्याने हा शब्द घडविला त्याला वाटले असावे. शुश्रूषा करणारीचे ऐकून घेण्याची इच्छा कोणी करावयाची, याविषयी शब्द मौन पाळतो.

या विषयात महाराष्ट्राला एक मोठे नाव आहे, आणि त्याचा उल्लेख मी जरा भीतभीतच करतो, कारण त्या नावापुढे हात जोडले की आपण पुढचा विचार थांबवितो. १८९७ साली पुण्यात प्लेगने थैमान घातले होते. सावित्रीबाई फुले यांनी पुत्र डॉ. यशवंत यांना बोलावून घेतले, गावाबाहेर हडपसरजवळच्या माळावर दवाखाना उघडला, आणि मुंढव्याच्या एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन तेथे आणले. त्यातच त्यांना प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. वय सहासष्ट. हे आपण पाठ्यपुस्तकात वाचतो, मुलांकडून पाठ करून घेतो.

पण त्या वर्षाच्या दिनदर्शिकेत आणखी काही तारखा आहेत. १० जानेवारीला, म्हणजे बरोबर दोन महिने आधी, मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये वाल्देमार हाफकिन या शास्त्रज्ञाने आपण तयार केलेली प्लेगची लस प्रथम स्वतःला टोचून घेतली होती. प्लेगचा जंतू १८९४ साली हाँगकाँगमध्ये सापडला होता. तो उंदरांवरील पिसवांतून माणसात येतो हे पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ साली दाखविले, आणि ते मान्य व्हायला आणखी काही वर्षे गेली. सारांश, सावित्रीबाई जेव्हा ते पोर पाठीवर घेत होत्या, तेव्हा रोग कोणत्या वाटेने येतो हे पृथ्वीच्या पाठीवर कोणालाच खात्रीने माहीत नव्हते. धोका आहे एवढे त्यांना माहीत होते आणि तो त्यांनी पत्करला. त्याला हौतात्म्य म्हणावे. माझ्या बहिणीच्या अंगठ्यात सुई गेली तेव्हा विषाणू माहीत होता, वाट माहीत होती, लस निघालेली होती. त्याला मी हौतात्म्य म्हणू देणार नाही. दोघींना एकच शब्द वापरला तर सावित्रीबाईंचे मोल कमी होते आणि आपली जबाबदारीही.

आणि एक तारीख. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी इंग्रज सरकारने साथरोगांचा कायदा केला. अवघ्या चार कलमांचा. चौथे कलम संरक्षणाचे होते. वाचताना वाटते, आता रुग्णांजवळ राबणाऱ्यांसाठी काही असेल. होते एवढेच, की या कायद्याखाली सद्‌हेतूने काही करणाऱ्यावर कोणास दावा लावता येणार नाही! अधिकाऱ्याला कोर्टापासून संरक्षण. पिसवापासून, दगडापासून नाही. तोच कायदा २०२० सालापर्यंत चालला. त्या वर्षी २२ मार्चला सायंकाळी पाच वाजता आपण सगळ्यांनी गॅलरीत उभे राहून थाळ्या वाजविल्या. मीही वाजविली, पत्नीने आतून पितळेची आणून दिली. त्याच सुमारास देशात ठिकठिकाणी घरमालक परिचारिकांना आणि डॉक्टरांना भाड्याच्या खोल्या सोडायला सांगत होते, कोठे कोठे त्यांच्यावर हात उगारले जात होते. २२ एप्रिलला अध्यादेश निघाला आणि एकशे तेवीस वर्षांनंतर त्या कायद्यात आरोग्यसेवकांवरील हल्ल्याला पाच वर्षांपर्यंत, गंभीर दुखापत असल्यास सात वर्षांपर्यंत कैद लिहिली गेली. साथ होती म्हणून. एरवीच्या दिवसांसाठी महाराष्ट्राने २०१० साली स्वतंत्र कायदा केला होता. तो असूनही हल्ले थांबले नाहीत, हे वर्तमानपत्र वाचणाऱ्यास सांगावे लागत नाही.

हिंसेचा विषय निघाला की मुंबईतील माणसाला एक नाव टाळता येत नाही. अरुणा शानबाग. उत्तर कन्नड जिल्ह्यातील हळदीपूरची मुलगी, केईएम रुग्णालयात परिचारिका. २७ नोव्हेंबर १९७३च्या संध्याकाळी ती कपडे बदलण्यासाठी तळघरातील खोलीत गेली आणि तेथे रुग्णालयातल्याच एका सफाई कामगाराने कुत्र्याच्या साखळीने तिचा गळा आवळून तिच्यावर अत्याचार केला. मेंदूला प्राणवायू न मिळाल्याने ती त्यानंतर जवळजवळ बेचाळीस वर्षे, १८ मे २०१५पर्यंत, त्याच रुग्णालयात खाटेवर होती. त्याला शिक्षा झाली ती हल्ला आणि चोरीबद्दल, सात वर्षांची. सर्वोच्च न्यायालयाच्या २०११च्या निकालामुळे तिचे नाव दयामरणाच्या चर्चेशी कायमचे जोडले गेले. एवढ्या वर्षांत पिढ्यांमागून पिढ्या परिचारिकांनी तिला आंघोळ घातली, भरविले, एक जखम होऊ दिली नाही. या शुश्रूषेपुढे मी नतमस्तक आहे. पण दयामरणाच्या त्या मोठ्या चर्चेत एक लहान प्रश्न हरवला, आणि तो १९७३ सालीच संपावर गेलेल्या परिचारिकांनी विचारला होता: आमच्या कामाच्या जागेच्या सुरक्षेचे काय? माझी बहीण तेव्हा प्रशिक्षणाच्या दुसऱ्या वर्षाला होती. तिने पाठविलेल्या कार्डात लिहिले होते, ‘आता आम्ही कपडे बदलायला तिघी-तिघी जातो.’ मुलींनी आपला बंदोबस्त आपणच केला. पुढे ९ ऑगस्ट २०२४ रोजी कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात जे घडले ते आपणांस ठाऊक आहे. एक कपडे बदलायला तळघरात गेली होती, दुसरी लांबलचक पाळीत पाठ टेकायला चर्चासत्राच्या खोलीत. मध्ये एक्कावन्न वर्षे.

मुलांनो, तुमच्या चेहऱ्यांवर थोडा ताण दिसतो आहे, म्हणून एक बरी गोष्ट सांगतो. शस्त्रक्रियेत रबरी हातमोजे का वापरतात? तुम्ही म्हणाल, रुग्णाला जंतू लागू नयेत म्हणून. आज ते खरे आहे. पण अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात १८८९-९०च्या हिवाळ्यात विल्यम हालस्टेड या शल्यचिकित्सकाने पातळ रबरी मोजे करवून घेतले ते रुग्णासाठी नव्हेतच. त्यांच्या शस्त्रक्रियागृहातील कॅरोलाइन हॅम्पटन या परिचारिकेच्या हातांना जंतुनाशक रसायनाने पुरळ उठत असे. तिच्या हातांसाठी ते मोजे केले. रुग्णांचाही त्यात फायदा आहे हे हळूहळू कळले. (त्यांनी पुढे लग्न केले, हेही मुलींना सांगून टाकतो, नाहीतर घरी जाऊन माझ्यावर अर्धी गोष्ट सांगितल्याचा ठपका येईल.)

त्याच्याही आधीची, १८४७ सालची, व्हिएन्नातील गोष्ट दुःखाची आहे. बाळंतिणी तापाने का मरतात हे सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरला उमगत नव्हते. त्याचा मित्र, प्राध्यापक कोलेच्का, शवविच्छेदन करताना विद्यार्थ्याची सुरी बोटाला लागून मेला. त्याच्या शरीरात दिसलेल्या खुणा बाळंतिणींच्या शरीरात दिसणाऱ्या खुणांसारख्याच होत्या. सेमेलवाइसने सर्वांना क्लोरिनच्या चुन्याच्या पाण्याने हात धुवायला लावले आणि मृत्यू झपाट्याने उतरले. हात धुण्याचा जो धडा साऱ्या जगाने पुढे गिरविला, त्याच्या मुळाशी काम करणाऱ्याला झालेली एक इजा होती. कोणीतरी ती ‘सुरी लागली, एवढेच’ म्हणून सोडून दिली नाही.

आता या गावाकडे येतो. मी येथे मास्तर होतो तेव्हा सिल्वासा हे झाडांत लपलेले खेडेवजा गाव होते. पुढे कारखाने आले. मसाट, खडोली, पिपरिया, जिकडे तिकडे छपरे. कारखान्यांच्या फाटकांवर मी फलक पाहतो: सुरक्षा प्रथम, शिरस्त्राण घाला, मागील अपघातास इतके दिवस झाले. ते सर्व पाळले जाते असे समजण्याइतका मी भोळा नाही. तरी फलक आहे, म्हणजे निदान प्रश्न मान्य आहे. १९४८च्या कारखाना कायद्याने यंत्राला जाळी बसवायला लावली. रुग्णालय हे कारखाना नव्हे, तेथे फिरणारा पट्टा नाही. म्हणून फाटकावर फलक नाही. असतो तो ‘शांतता राखा’.

येथे २०१९पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे. या शाळेतली मुले आता परिचारिकाच नव्हे, डॉक्टरही होतील, येथेच राहून होतील. बाईंना केवढा आनंद झाला असता! आपल्या या भागात आदिवासी कुटुंबांत सिकलसेलचा आजार आहे. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत देशभर गावोगाव रक्त तपासले जाते. बोटावर एक थेंब. त्या प्रत्येक थेंबामागे एक टोचणी आहे आणि ती टोचणी हाताळणारी, पाड्यावर पायी गेलेली, कोणाची तरी मुलगी आहे. तिच्या पिशवीत पांढरा डबा आहे का? टोचणीवर पुन्हा टोपण बसवू नये हे तिला कोणी सांगितले आहे का? आणि लागलीच सुई, तर बोट दाबू नये, तोंडात घालू नये, साबणाने वाहत्या पाण्यात धुवावे, आणि तासाभरात वरिष्ठांना सांगावे. कारण एचआयव्हीचा प्रतिबंधक औषधोपचार जितका लवकर तितका गुणकारी, बहात्तर तासांनंतर त्याचा उपयोग नाही, आणि तो अठ्ठावीस दिवस घ्यावा लागतो. हे सांगितल्यावर वरिष्ठाने ‘तुझेच लक्ष नव्हते’ असे म्हटले, तर ती पुढच्या वेळी सांगणार नाही. दोन वर्षांपूर्वी मी स्वतः रुग्ण म्हणून एका ठिकाणी सहा दिवस होतो. केराची पिशवी उचलताना मावशीच्या तळहातात काहीतरी गेले, मी पाहिले. म्हटले, कळवा ना. ती म्हणाली, ‘दादा, कंत्राटदार उद्या येऊ नको म्हणेल.’ आणि पदराने हात पुसला.

म्हणून मला बाईंच्या वहीची आठवण होते. जुन्या विद्यार्थ्यांना ती ठाऊक असेल. कार्यालयाच्या दाराशी खिळ्याला सुतळीने टांगलेली असे आणि वर बाईंच्या अक्षरात ‘इजावही’ असे लिहिलेले असे. शाळेत कोणालाही, शिपायापासून मुख्याध्यापिकेपर्यंत, काहीही लागले, भाजले, टोचले की त्याच दिवशी तीत लिहायचे. नियम एकच: कोणाची चूक, हे लिहायचे नाही. काय झाले, कशाने झाले, आणि त्या वस्तूचे काय केले, एवढे लिहायचे. शनिवारी बाई ती वाचीत. आम्ही तरुण शिक्षक त्या वहीची थट्टा करीत असू.

आज सकाळी मुख्याध्यापकांनी ती मला कपाटातून काढून दाखविली. कडा वाळवीने खाल्ल्या आहेत, पण अक्षर वाचता येते. १९७६ सालच्या एका पानावर माझेच हस्ताक्षर निघाले. तीन ओळी आहेत. ‘आठवी ब. खडूच्या पेटीचा खिळा वर आला होता. मराठीच्या शिक्षकांच्या बोटास लागला. आयोडीन लावले.’ आणि खाली, बाईंच्या तांबड्या शाईत: ‘खिळा ठोकून घेतला. इतर वर्गांतील पेट्या पाहिल्या. आणखी दोन निघाल्या.’